पल्लवीची न्हाणी

जपानहून परत आल्यापासून मोहाडीत मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, तिथे साप खातात म्हणे, खरं काय? दुसरा, पोरीला का नाही आणलं? पहिल्याचं उत्तर मी उभ्याउभ्या देते: मी होते तोवर तरी कोणी मला साप वाढला नाही. दुसऱ्याचं उत्तर असं उभ्याने देता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांना राग यायचा आहे त्यांना खुशाल यावा, फक्त शेवटपर्यंत वाचून मग यावा.

मी मोहाडी तालुक्यात शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. घरचा धान आहे, नवरा तो बघतो. पल्लवी आमची एकुलती एक. भंडाऱ्याला नर्सिंग केलं, नागपूरला जपानी भाषेचा क्लास लावला, आणि जपानमधल्या एका लहान गावात म्हाताऱ्या माणसांच्या निवासात नोकरीला लागली. तिथे राहणाऱ्यांना उठवायचं, भरवायचं, न्हाऊ घालायचं, त्यांचं मागचं-पुढचं काढायचं, हे तिचं काम. तिने हे कधी लपवलं नाही. ‘हॉस्पिटल’ हा शब्द माझ्या मोठ्या दिरांचा, पल्लवीच्या भाऊबाबांचा. त्यांनी तो आधी नातेवाइकांत फिरवला, मग तुमसरच्या एका स्थळाला सांगितला. मुलगा बँकेत. मुलाकडच्यांना कुठून तरी खरं कळलं, तेव्हा त्यांनी निरोप धाडला की झालं ते झालं, मुलीने ती नोकरी सोडून दिवाळीपर्यंत घरी यावं आणि यापुढे कोणी त्या कामाचं नाव काढू नये. भाऊजींनी मला न विचारता शब्द देऊन टाकला.

पल्लवीचा करार संपत आला होता. पुढे वाढवायचा की नाही, ते तिला महिनाअखेर सांगायचं होतं. फोनवर ती ऐकेना. “तुम्ही मास्तरीणबाई,” भाऊजी मला म्हणाले, “आयुष्यभर दुसऱ्याच्या पोराइले समजावलं. आपल्या पोरीले समजावून घेऊन या.” मी निघाले ती तिला आणायलाच निघाले होते, हे आधीच सांगून टाकते.

धान तोच, माणसं कुठे?

विमानाचं वर्णन करत नाही. बसायला मिळतं, झोपायला मिळत नाही.

पल्लवीचं गाव जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. स्टेशनबाहेर आले आणि वाटलं, एवढं फिरवून मला पुन्हा मोहाडीलाच आणून सोडलं की काय. जिकडे बघावं तिकडे धानाच्या चौकोनी बांध्या, पिकून पिवळा झालेला धान, बांधावर गवत, कडेने पाण्याचा पाट. माती हातात घेऊन बघितली तर तीही ओळखीची. मी खूश झाले. थोडं चालल्यावर लक्षात आलं की एवढ्या मोठ्या शिवारात माणूस नाही. आमच्याकडे कापणीचा धान म्हणजे बायांची रांग, कोणाच्या तरी सुनेच्या तक्रारी, बांधावर झोपवलेलं लेकरू, चहाची किटली. तिथे एक म्हातारा पांढरे हातमोजे घालून यंत्रावर बसला होता आणि एकटाच अख्खी बांधी कापत होता.

“याच्या घरचे कुठं गेले?” मी विचारलं.

“पोरं टोकियोत राह्यतात. बायको आमच्याकडं हाय,” पल्लवी म्हणाली. आमच्याकडं म्हणजे तिच्या निवासात.

गावात घरं पुष्कळ, पण तिसऱ्या-चौथ्या घराला कुलूप. अंगणात मात्र झाडं फळांनी लगडलेली, केशरी फळं, टोमॅटोएवढी. नाव काकी. मी म्हटलं, कोणाची काकी? पल्लवी हसली नाही, हा विनोद तिने तिथे आल्याच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच करून झाला होता. तोडायला माणूस नाही म्हणून फळं झाडावरच पिकतात आणि त्यांच्या वासाने डोंगरातली अस्वलं गावात येतात. संध्याकाळी खांबावरच्या भोंग्यातून बाईच्या गोड आवाजात सूचना येते, अमुक भागात अस्वल दिसलं, सांभाळून राहा. हे ऐकून मला परक्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडे मोहफुलं पडली की झाडाखाली हेच चालतं, भोंगा सोडून.

एका बंद घराच्या कुंपणाबाहेर फांदी आली होती. पल्लवी नको नको म्हणत असताना मी एक काकी तोडली आणि चावली. तोंड असं आवळलं की जीभ टाळूला चिकटली. लहानपणी तेंदूचं फळ, कच्चं टेंभर खाल्लं की व्हायचं तेच. आपल्या टेंभराचीच ही थोरली बहीण असणार. तासभर मला बोलता आलं नाही, आणि माझ्या लेकीने ती शांतता मनापासून उपभोगली.

जेवणाचं सांगायचं तर, मासे चांगले, भाज्या अळणी, आणि भात चिकट. ते लोक त्या भाताचं फार कौतुक करतात. मी आमचा चिन्नोर तांदूळ खाऊन वाढलेली आहे. दाणा सुटा, वास दारापर्यंत. त्यांचा भात म्हणजे आपण दात न आलेल्या बाळाला कालवून देतो तसा. मी हे तोंडावर सांगितलं असतं, पण पल्लवीने भाषांतर करायला नकार दिला.

मला खरा वैताग आला तो एका शब्दाचा. सुमिमासेन. माफ करा. दुकानात शिरताना सुमिमासेन, बाहेर पडताना सुमिमासेन, कोणी दार धरलं तर सुमिमासेन. माझी मुलगी फोनवर बोलतानासुद्धा वाकायची. समोरचा दिसत नाही, तरी वाकायची. आम्ही हिला मान ताठ ठेवायला शिकवली आणि या देशाने तिच्या कमरेला बिजागरी बसवली, असं मला वाटलं. मनात म्हटलं, चल बाई घरी.

परकर

गावात गरम पाण्याचा झरा आहे आणि त्यावर सगळ्यांसाठी न्हाणीघर. बायकांचं वेगळं. पल्लवी सुटीच्या दिवशी मला तिथे घेऊन गेली. मला वाटलं, आपल्याला यात कोण काय शिकवणार? माझं माहेर पवनीकडचं, वैनगंगेच्या काठचं. घाटावर शेकडो लोकांसमोर लुगड्यानिशी बुडी मारून, ओल्यावर कोरडं नेसून, अंगाचा तीळ न दाखवता घरी येणाऱ्या बायकांत मी वाढले.

आत गेले तर सगळ्या बायका नागड्या. तरण्या, म्हाताऱ्या, एक गरोदर. छोट्या स्टुलांवर बसून अंग घासत होत्या आणि मग हौदात उतरत होत्या.

“आई, आत परकर चालत नाई,” पल्लवी हळूच म्हणाली.

“काहून? पाण्याले लाज वाटते काय?”

मी परकर छातीवर आवळला आणि माहेरच्या सवयीने थेट हौदात उतरले. परकरात हवा भरली आणि तो माझ्याभोवती पाण्यावर फुगला. हौदातल्या बायका एकेक करून दुसऱ्या कडेला सरकल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी बघितलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं. मग तिथली कामवाली बाई आली. तिने माझ्याशी नाही, पल्लवीशी बोलायला सुरुवात केली आणि माझी पोर तशीच उघडी, ओली, तिच्यासमोर वाकत राहिली. सुमिमासेन, सुमिमासेन.

मी बाहेर पडले. रस्ताभर भांडले. झाकलेलं अंग मळकं आणि उघडं अंग स्वच्छ, हा कुठला न्याय?

“पाणी सगळ्याइचं हाय, आई,” ती म्हणाली. “कपड्याचा मळ पाण्यात जाते. पहिले अंग घासून स्वच्छ करायचं, मंग उतरायचं. तुले कोणी बेशरम नाई म्हटलं.”

“तुले वाकाव लागलं न?”

“मी तुह्यासाठी वाकली. मले त्यात काई वाटलं नाई.”

मला फार वाटलं. आणि रागात माणूस बोलतो ते मी बोलले. “दिवसभर उघड्या म्हाताऱ्याइतच राह्यते, तुले कायची लाज राहीन आता.”

ती थांबली. तिचा चेहरा उतरला, आणि मला शब्द गिळावेसे वाटले, पण ते गेले होते. “मले लाज नाई,” ती म्हणाली. “भाऊबाबाले असन, तुमसरवाल्याइले असन. तू एक खेप पाहून तं घे, मंग बोल. रविवारी ये.”

उजवा पाय, डावा पाय

रविवारी निवासात घरच्या लोकांसाठी कार्यक्रम होता. अंगणात कागदी कंदील, तळलेल्या नुडल्सचा वास, लहान पोरांची ढोलकी. मी मनाची तयारी करून गेले होते की घाण वास येईल. नाही आला. ओसरीवर लाकडी बाकं आणि खाली गरम पाण्याचा पाट. तिथे पाय शेकायचे. ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांचे पाय पल्लवी आणि तिच्या सोबतिणी धूत होत्या.

पल्लवीच्या समोर फुमी आजी होत्या, यंत्रावर धान कापणाऱ्या त्या म्हाताऱ्याची बायको. अंग वाळलेलं, डोळे मात्र जागे. पल्लवी गुडघ्यावर बसली होती आणि एकेक गोष्ट करण्याआधी काहीतरी म्हणत होती. मी विचारलं, हिच्याशी एवढं काय बोलून राहिली? तिने सांगितलं: आता उजवा पाय उचलते. आता पाणी घालते, गरम आहे. आता टाच घासते. प्रत्येक हात लावण्याआधी सांगायचं, आणि आजी हो म्हणाल्यावरच हात लावायचा.

आणि आजी प्रत्येक वेळी म्हणत होत्या, सुमिमासेन.

“या बाईनं काय गुन्हा केला का माफी मागून राहिली?” मी विचारलं.

“त्याचा अर्थ थँक्यू पण होते, आई. तुम्हाले तरास देऊन राहिली, असं.”

“मंग तू काय म्हणते?”

“ओतागाइसामा.” ती जरा थांबली, मराठी शोधत. “म्हणजे, आज तुमचं, उद्या माह्यं. आपसातलंच हाय.”

फुमी आजींचा मुलगा टोकियोहून आला होता. चांगला पन्नाशीचा, कोट घातलेला. तो मागे उभा राहून फोटो काढत होता. मी पल्लवीची आई हे कळल्यावर तो माझ्यासमोर कमरेत इतका वाकला की मला त्याचं टक्कल दिसलं. तो म्हणाला, माझ्या आईचं तुमची मुलगी करते, माझ्याने होत नाही, माफ करा.

मी पल्लवीला म्हटलं, “त्याले सांग, माफी मले नोको मागू. कोट काढ अन् मायचे पाय धू.”

पल्लवीने काय भाषांतर केलं देव जाणे. माझ्या चार शब्दांचे तिने चाळीस केले आणि मधे तीनदा वाकली. तो हसला, वाकला, आणि उभाच राहिला. मग मी पदर खोचला, खाली बसले आणि आजींचा डावा पाय धरला.

आजी दचकल्या. पाय ओढून घेतला, पाणी उडालं, त्या बाकाला घट्ट धरून राहिल्या. मी घाबरले. आपल्याकडे आजाऱ्याला विचारतो कोण? उचल, वळव, घास, पूस. माया असते, पण विचारणं नसतं.

“पहिले सांग, आई,” पल्लवी म्हणाली, अगदी शांतपणे. “सांगितल्याबिगर हात लावायचा नाई. शरीर त्याइचं हाय.”

मला जपानी येत नव्हती. मी आजींच्या डोळ्यांत बघून आपल्या बोलीत म्हटलं, “आजी, आता डावा पाय धरून राहिली हं मी.”

“हाय,” आजी म्हणाल्या.

त्यांच्या भाषेत ‘हाय’ म्हणजे हो. आमच्या भाषेत ‘हाय’ म्हणजे आहे. दोन्ही अर्थांनी मला ते पोचलं. त्यांनी पाय पुढे केला आणि मी तो धुतला.

धुता धुता माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती लिहून टाकते. तुमसरच्या त्या मुलाने पल्लवीशी लग्न केलं असतं तर मांडवात आम्ही नवरा-बायकोने पाटावर बसून त्याचे पाय धुतले असते. धडधाकट, बँकेत नोकरी करणाऱ्या जवानाचे पाय. ते पुण्य. आणि जिला खाली वाकता येत नाही त्या म्हातारीचे पाय माझी मुलगी धुते, ती घाण. हे गणित शाळेत कोणी माझ्यासमोर मांडलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दुसरी आंघोळ

जपान म्हणजे स्वर्ग, असं सांगायला मी आलेली नाही. पोरं आईबापांपासून लांब जातात आणि लाजून माफी मागतात. माणसं शेजाऱ्याला हाक मारत नाहीत, त्रास होईल म्हणून. मला त्या गावात कोणी “या, चहा घ्या” म्हटलं नाही. आपल्याकडे हाकेला माणूस धावतो, ते मला जास्त आवडतं आणि आवडत राहील. पण धावून आलेला माणूस दारात उभा राहून काय बोलतो, तेही मी आयुष्यभर ऐकलं आहे.

निघण्याच्या आधी मी स्वतःहून न्हाणीघरात जाऊ म्हटलं. यावेळी परकर बाहेर काढून ठेवला. लाज वाटली. खोटं कशाला बोलू, फार वाटली. स्टुलावर पाठ वाकवून बसले. कोणी बघितलं नाही, आणि यावेळी ते बरं वाटलं.

“आता पाठ घासून राहिली हं, आई,” पल्लवी मागून म्हणाली.

मी हो म्हटलं. तिने घासली. माझ्या पाठीला दुसऱ्याचा हात लागला त्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे. माझी आई गेल्यापासून नसावा. मी रडले. पाण्यात रडलेलं कळत नाही, म्हणून बिनदिक्कत रडले.

“सुरुवातीले एक आजोबा होते,” ती पाठ घासता घासता सांगत होती. “माह्या हाताले हात लागू द्यायचे नाईत. काळी म्हणायचे. मी घरी येऊन रडायची. तुले नाई सांगितलं.”

“मंग?”

“मंग काय. रोज सांगत राहिली. आता उजवा हात, आता डावा हात. एक दिवस त्याइनंच हात पुढं केला. मरायच्या पहिले आखरीची आंघोळ मीच घातली त्याइले.” तिने माझ्या खांद्यावर कोमट पाणी ओतलं. “आई, मी करार वाढवून राहिली. लग्न करीन मी, नाई असं नाई. पण ज्याच्याशी करीन त्याले हे काम पहिले सांगीन. लपवून नाई करणार.”

मी तिला आणायला गेले होते. वाक्यं पाठ करून नेली होती, शिक्षिकेची सवय. त्यातलं एकही मला आठवेना, आणि आठवावंसंही वाटेना. तिच्यापासून लांब राहणं मला जड जातं, आजही जातं. ते मी तिला तिथेच सांगितलं. “रहा मंग,” मी म्हटलं. “बाकीच्याइले मी पाहून घेईन.”

मोहाडी

दिवाळी आटोपल्यावर तुमसरहून मुलाचे वडील आले. भाऊजींनीच बोलावलं होतं. बैठकीत मी, माझे यजमान, भाऊजी आणि ते. मी आल्यावर सांगितलेलं सगळं कानाआड करून भाऊजींनी सुरुवात केली, की मुलगी मोठ्या हॉस्पिटलात होती, आता काय, येतेच आहे.

“हॉस्पिटल नाही,” मी म्हटलं. “म्हाताऱ्यांचा निवास आहे. ती त्यांना न्हाऊ घालते, त्यांचं गू-मूत काढते. करार वाढवला आहे, ती येणार नाही. तुमच्या मुलाला हे चालत असेल तर त्याने स्वतः तिला फोन करावा.”

पाहुण्यांनी हातातली बशी खाली ठेवली. “मंग आमाले कायले बोलावलं?” ते भाऊजींना म्हणाले आणि उठले. माझे यजमान त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले, कारण पाहुण्याला सोडायला जायची रीत आहे.

भाऊजी बसून राहिले. त्यांचा शब्द गेला होता आणि तो माझ्यामुळे गेला होता, हे मला समजत होतं. “माही इज्जत घालवली तुमी,” ते म्हणाले. “अन् एक सांगा. पोरगी जपानच्या म्हाताऱ्याइले न्हाऊ घालून राहिली. तुमच्या म्हातारपणी तुमाले कोण न्हाऊ घालन?”

“ते मले माहीत नाही,” मी म्हटलं. “पण भाऊजी, तुमचे दोन्ही पोरं पुण्याले हायेत. तुमाले कोण घालन?”

इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे असं बोलले नव्हते. ते उठायला लागले. त्यांचे गुडघे गेले आहेत, खालच्या गादीवरून उठताना त्यांना कोणीतरी काखेत हात घालून उचलावं लागतं, आणि घरात जो असेल तो न विचारता उचलतो. घरात मीच होते. ते अर्धे उठले, पुन्हा बसले.

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. “हात देऊ काय, भाऊजी?”

“नोको,” ते म्हणाले.

नको म्हणाले, म्हणून मी दिला नाही. भिंत धरून ते हळूहळू उठले आणि अंगणातून शेजारच्या आपल्या घरी गेले.